पाच थरांचं ताट आणि आपल्या कष्टाचा हिशोब

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत खाद्यपदार्थ व्यवसाय करणाऱ्या समूहांसाठी झालेल्या मार्गदर्शनाचे शब्दांकन)



मागच्या सभेत काही जणींनी विचारलं होतं, "मॅडम, प्रदर्शनात सगळ्यांचंच थालीपीठ, सगळ्यांचंच मटण-भाकरी. काहीतरी नवीन शिकवा ना." म्हणून आज एक लांबचा पदार्थ घेऊन आले आहे. पण आधीच सांगते, उद्यापासून गावात हाच विका असं माझं म्हणणं नाही. ज्या बायका आज चाळीस-पन्नास माणसांच्या ऑर्डरी घेतात, त्यांच्या हातात शेवटी पैसे का उरत नाहीत, हे मला या पदार्थावरून दाखवायचं आहे.

पदार्थाचं नाव सिनसिनाटी चिली. सिनसिनाटी हे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं, ओहायो नदीच्या काठावरचं शहर. 'चिली' म्हटल्यावर आपल्याला मिरचीचा ठसका आठवतो. इथे तसं काही नाही. हा खिम्याचा पातळसर रस्सा असतो, त्याला दालचिनी आणि लवंगेचा वास असतो, आणि तो भाकरीबरोबर न खाता स्पॅगेटीवर ओततात. स्पॅगेटी म्हणजे पास्त्याचाच एक प्रकार, लांब जाड शेवयांसारखा. ती कडक गव्हाच्या रव्याची करतात. आपल्याकडचा बन्सी गहू त्याच जातकुळीतला.

हा पदार्थ आला कुठून?

मॅसेडोनिया भागातून अमेरिकेत गेलेल्या किराजिएफ आडनावाच्या दोन भावांनी 1922 साली सिनसिनाटीत 'एम्प्रेस' नावाच्या नाटकगृहाशेजारी छोटं दुकान टाकलं. नाटकगृहाचंच नाव दुकानाला पडलं. परका मुलुख, परकी भाषा. त्यांच्याकडे स्वतःचं काय होतं? घरच्या स्वयंपाकाची चव. त्यांच्याकडे मटणाच्या रश्श्यात दालचिनी-लवंग घालायची पद्धत होती. अमेरिकेत 'चिली' नावाचा तिखट मांसाचा पदार्थ लोकांच्या ओळखीचा होता. त्यांनी नाव लोकांच्या ओळखीचं घेतलं आणि आत वास आपल्या घरचा ठेवला. पुढे गिऱ्हाईकांच्या मागणीतून एकेक थर वाढत गेला, असं सांगतात.

त्या दुकानात काम केलेल्या माणसांनी पुढे आपापली दुकानं काढली. ग्रीसहून आलेल्या लॅम्ब्रिनिडीस कुटुंबाने 1949 मध्ये 'स्कायलाइन' सुरू केलं. जॉर्डनमधून आलेल्या दाऊद बंधूंचं 'गोल्ड स्टार' 1965 चं. 1940 पासून चालू असलेल्या 'कॅम्प वॉशिंग्टन चिली' या दुकानाला 2000 साली जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा, म्हणजे अमेरिकेतल्या खाद्यक्षेत्रातला मानाचा, पुरस्कार मिळाला. बघा ताई, परगावाहून आलेल्या माणसांच्या घरची चव आज त्या शहराची ओळख आहे. आणि आपण म्हणतो, "आमचं काय, घरचाच तर मसाला. त्याचे कोण पैसे देणार?"

ताट कसं लावतात?

तिकडच्या दुकानात गिऱ्हाईक थर मोजून मागतं.

टू-वे म्हणजे खाली स्पॅगेटी, वर चिली.
थ्री-वे म्हणजे त्यावर किसलेल्या चीजचा ढीग.
फोर-वे म्हणजे सोबत बारीक चिरलेला कांदा किंवा शिजवलेला राजमा, दोन्हींपैकी एक.
फाइव्ह-वे म्हणजे सगळं.

बाजूला छोटी खारी बिस्किटं असतात. खाणारे स्पॅगेटी काट्याला गुंडाळत नाहीत, काट्याच्या कडेने कापून घास घेतात, म्हणजे एका घासात सगळे थर येतात. आपली मिसळ आठवा. मटकी, फरसाण, कांदा, कट, लिंबू. तीही थरांचीच. फरक एवढाच की तिकडे प्रत्येक थर मोजलेला असतो, आणि आपल्याकडे "ताई, जरा कट वाढा, थोडा कांदा द्या" म्हटलं की आपण वाढत राहतो.

करायचं कसं? (10 ताटांसाठी)

तिकडे गोमांसाचा खिमा वापरतात. आपल्या राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा आहे, म्हणून आपण चिकन किंवा मटणाचा खिमा घ्यायचा.

साहित्य: खिमा 1 किलो, पाणी सव्वा लिटर, मध्यम कांदे 3, लसूण 8-10 पाकळ्या, टोमॅटो 4 (वाटून), लाल तिखट 3 चहाचे चमचे, जिरेपूड 2 चमचे, दालचिनीपूड दीड चमचा, लवंगपूड पाव चमचा, तमालपत्रं 2, बिनसाखरेची कोको पावडर 1 मोठा चमचा, व्हिनेगर 2 मोठे चमचे, चवीप्रमाणे मीठ. तिकडे ऑलस्पाइस नावाचा, मिरीसारखा दिसणारा दाणा घालतात. त्याला लवंग, दालचिनी आणि जायफळ यांचा मिळून वास असतो. तो मिळाला नाही तर चिमूटभर जायफळ आणि किंचित जास्त लवंग घाला. कोको काही जण घालतात, काही घालत नाहीत. घातला तर रंग गडद होतो.

आता लक्ष द्या, कारण इथे आपला हात नेहमीप्रमाणे चालवायचा नाही. फोडणी नाही, वाटण नाही, खोबरं नाही. खिमा परतायचाही नाही. पातेल्यात गार पाणी घ्यायचं, त्यात कच्चा खिमा सोडायचा आणि हाताने कुस्करून पाण्यात मोकळा करायचा. मग गॅस लावायचा. असं केल्याने खिम्याच्या गुठळ्या होत नाहीत, दाणा रव्यासारखा बारीक राहतो आणि रस्सा शेवयांमध्ये मुरतो. उकळी आली की वरचा फेस काढा आणि बाकी सगळं साहित्य घाला. मंद आचेवर, अधूनमधून ढवळत शिजू द्या. मटणाला दीड-दोन तास लागतात, चिकनला पाऊण तास पुरतो. फार घट्ट करू नका. पळीतून सहज ओतला गेला पाहिजे.

तिकडे रस्सा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवतात आणि सकाळी वर गोठलेली चरबी काढून टाकतात. मुरल्यावर चव चांगली लागते. पण ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी हे करू नये. शिजवलेलं मांस दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचं नाही. त्याच दिवशी करा, वरचं तेल पळीने काढा, त्याच दिवशी वाढा. फ्रीजमधलं असेल तर पुन्हा खळखळून उकळी आणल्याशिवाय वाढू नका. एखाद्याचं पोट बिघडलं तर समूहाचं नाव गावभर होतं.

स्पॅगेटी 800 ग्रॅम. भरपूर पाणी उकळून त्यात मीठ घालायचं, मग स्पॅगेटी सोडायची. दाताखाली किंचित लागेल इतपतच शिजवायची आणि निथळून घ्यायची. शेवयांसारखी मऊ झाली तर वर रस्सा पडल्यावर लगदा होतो. राजमा 300 ग्रॅम आदल्या रात्री भिजवून, मीठ घालून कुकरमध्ये मऊ शिजवा. चीज 200 ग्रॅम किसून ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगते. पहिला घास घेतल्यावर तुम्ही म्हणाल, "हे तर गोडूस लागतंय!" लागणारच. त्यांना तिखट नको, वास हवा. तुम्हाला तिखट हवं तर तिखट वाढवा, पण दालचिनी कमी करू नका. ती गेली की राहतो तो आपला नेहमीचा खिमा.

आता मुद्द्याचं बोलू

आपल्या भागातल्या एका समूहाने (नाव सांगत नाही, त्या ताई इथेच बसल्या आहेत) मोठी जेवणाची ऑर्डर घेतली. अंतर्गत कर्ज काढून सामान भरलं. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबल्या. सगळ्यांनी जेवणाची तारीफ केली. कर्ज मात्र शेवटी बचतीतून फेडावं लागलं. पुढच्या दोन सभांना निम्म्या जणी आल्याच नाहीत. त्यांच्या हाताला चव होती, कष्टातही कमी नव्हती. कमी होता तो कागद.

म्हणून या पाच थरांचा हिशोब मांडू. आकडे उदाहरणासाठी आहेत, तुम्ही तुमच्या बाजारचे भाव घाला.

समजा चिकन खिमा 300 रुपये, कांदा-टोमॅटो-मसाला वगैरे 120, गॅस 40. झाले 460. ताटं 10, म्हणजे ताटामागे चिली 46 रुपये. स्पॅगेटी ताटामागे 10. चीज 10. राजमा 4. वरचा कांदा 1. पाचही थरांचं सामान झालं 71 रुपये.

आता 40 ताटांची ऑर्डर आली. कोणी म्हणेल, "सामान 71 चं, आपण 80 ला देऊ. 9 रुपये सुटतात." 40 ताटांचे 360 रुपये सुटले. त्यातून पत्रावळी आणि वाहतूक ताटामागे 6 धरली तर 240 गेले. उरले 120. दोघी दिवसभर राबल्या, तर एकीच्या वाट्याला 60 रुपये. साठ रुपयांत आपण दुसऱ्याच्या शेतात दिवसभर जाऊ का? मग आपल्याच धंद्यात का जातो?

कारण आपण आपली मजुरी धरतच नाही. "घरचंच तर काम" म्हणतो. दोघींची हजेरी 300 प्रमाणे 600 रुपये होते, 40 ताटांत वाटली की ताटामागे 15. म्हणजे 71 अधिक 15 अधिक 6, बरोबर 92. हा आपला खरा खर्च. यावर नफा ठेवून पाच थरांचं ताट 120 ला विकलं, तर ताटामागे 28 प्रमाणे 40 ताटांचे 1120 रुपये समूहाकडे येतात. तेही हजेरी देऊन झाल्यावर.

आणि आता ते "जरा वाढा ना". चीजचा थर ताटामागे 10 रुपये. ओळखीपाळखीने चाळीस जणांना फुकट दिला तर 400 गेले. म्हणजे एका बाईची अख्खी हजेरी आणि वर शंभर रुपये. म्हणून फळ्यावर लिहायचं: दोन थर 95, तीन थर 110, चार थर 115, पाच थर 120. कमी पैसेवाल्यालाही पोटभर मिळतं, जास्त हवं तो जास्त देतो, आणि आपल्याला तोंडाने नाही म्हणावं लागत नाही. फळाच बोलतो. मिसळीला, वडापावला, तुमच्या मटण थाळीलाही हेच लागू आहे.

शेवटचा मुद्दा मापाचा. वर मी चमचे, ग्रॅम सांगितले तेव्हा काही जणी हसल्या. "आम्ही अंदाजाने घालतो." अंदाज घरच्या चार माणसांसाठी ठीक. पण चव एकीच्याच हातात राहिली की तिची मुलगी बाळंतपणाला आली, किंवा ती स्वतः आजारी पडली, की ऑर्डर रद्द. मापाच्या बाबतीत माझ्या पाहण्यात आणखी एक गोष्ट आली आहे. जिच्या डोक्यात माप असतं, तिच्यावरच सगळं काम पडतं, आणि बाकीच्या मदतनीस होऊन राहतात. माप कागदावर आलं की काम वाटता येतं, आणि काम वाटलं की पैसेही बरोबरीने वाटता येतात. मसाला बाहेरच्याला द्यायचा नसेल तर देऊ नका. पण समूहाच्या वहीत तो असलाच पाहिजे.

पुढच्या सभेला येताना

1. तुमचा सगळ्यात जास्त खपणारा एक पदार्थ निवडा. तो मोजून करा, चमचा आणि वजनकाटा घेऊन. समूहातल्या दुसऱ्या ताईने वहीत लिहायचं.
2. त्याचे थर पाडा: मूळ पदार्थ, सोबतचं, वरचं. प्रत्येकाचा ताटामागे खर्च काढा.
3. त्यात हजेरी, गॅस, पत्रावळ, वाहतूक धरा. मगच भाव ठरवा.
4. तीच वही घेऊन, जिने तो पदार्थ कधी केला नाही अशा ताईकडून एकदा करून घ्या. चव जुळली तर माप बरोबर.

हिशोब जमला नाही तर तसाच अर्धा घेऊन या, आपण मिळून पूर्ण करू. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीला सोबत बसवा. तिचंही गणित सुधारेल.

आणि चिली करून बघाच. मुलं पास्ता मागतातच, त्यांना आवडेल. म्हाताऱ्या माणसांसाठी मात्र बाजूला भाकरी ठेवा.



— क्षेत्र समन्वयक