भागधारकाचे एक मत

साकोलीकडच्या शेतकऱ्याला सेवा सहकारी सोसायटीची सभा काही नवी नाही. तिथे भाग पाच असोत की पन्नास, सभासदाने हात एकदाच वर करायचा. कंपनीत एरवी भागांच्या संख्येवर मताचे वजन ठरते. पण दोन कंपन्यांचे विलीनीकरण व्हायचे असले, म्हणजे कायदा डोकीही मोजतो आणि भांडवलही मोजतो. मत देणाऱ्या भागधारकांत बहुमत हवे, आणि त्यांच्या भागांचे मूल्य मतदान झालेल्या भागांच्या तीन चतुर्थांश तरी भरायला हवे. घरी बसलेला माणूस यात कोणत्याच पारड्यात पडत नाही.

याचे एक गाजलेले उदाहरण सांगतो. हमाम आणि ५०१ हे साबण आपल्या घरोघरी येत. ते काढणारी टाटा ऑइल मिल्स, म्हणजेच टॉम्को, हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन करायचे १९९३ साली ठरले. टॉम्कोच्या १५ भागांना लिव्हरचे २ भाग, असे प्रमाण ठरले. म्हणजे १५० भागांच्या धन्याला मिळायचे २०!

टॉम्को तोट्यात चालली होती. बुडत्या नावेतून मोठ्या गलबतावर जायला मिळते आहे, मग कुरकुर कशाला, हा एक विचार. उलट, आपल्या कंपनीची किंमत फार कमी धरली, ही दुसऱ्यांची तक्रार. मतदानात ९५ टक्क्यांहून अधिक भागधारकांनी होकार दिला. तरी हरकत घेणारे भागधारक, कामगार संघटना आणि ग्राहक संघटना न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने १९९४ च्या मार्चमध्ये योजना मंजूर केली. ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही अपिले फेटाळली.

न्यायालयाची भूमिका समजून घेण्याजोगी आहे. तज्ज्ञाने मान्य पद्धतींनी मूल्य काढले, भागधारकांनी ते स्वीकारले. आता न्यायाधीशाने तराजू घेऊन पुन्हा वजन करीत बसायचे नाही. मात्र सभा रीतीप्रमाणे झाली का, माहिती दडवली का, योजना अन्यायाची आहे का, हे न्यायालय जरूर पाहते. सौदा याहून चांगला झाला असता, एवढी तक्रार तिथे पुरत नाही.

तेव्हा एकटा भागधारकही हरकत घेऊ शकत होता. २०१३ च्या कायद्याने हा दरवाजा अरुंद केला. आता भागधारकाला योजनेवर हरकत घ्यायची, तर किमान १० टक्के भाग हाती लागतात. उठसूट खटले नकोत, हा हेतू ठीक. पण दहा-वीस भागवाल्याने काय करायचे?

त्याने मत द्यायचे. सभेची नोटीस रद्दीत टाकायची नाही; सोबतचे मूल्यांकन वाचायचे, न कळले तर जाणत्याला विचारायचे. या मतासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, टपालानेही ते देता येते. निकाल लागल्यावर ओट्यावर बसून हळहळण्यापेक्षा, वेळेवर दिलेले एक मत केव्हाही मोलाचे.