टाचेला विचारून

लांब पल्ल्याची शर्यत धावून आलेल्या माणसाला लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, "किती वेळ लागला?" आणि दुसरा, "आता पुढची कुठली?" या दोन्हींच्या मधे जे आठवडे जातात, कधी कधी महिने जातात, त्यांची चौकशी कुणी करत नाही. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे. त्यातही त्या काळात एखादं चिवट दुखणं मुक्कामाला आलं असेल, तर पुन्हा पळायला कसं लागायचं, याविषयी.

माझ्याकडे ते आलं कॉम्रेड्सनंतर. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या शहरांमध्ये होणारी ही शर्यत. पहिल्या महायुद्धात गेलेल्या साथीदारांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅफम नावाच्या माजी सैनिकाने १९२१ मध्ये ती सुरू केली. पहिल्या वर्षी ३४ जण उभे राहिले होते; आता हजारो असतात, आणि त्यांत आपल्या पुण्या-मुंबईचे, साताऱ्या-कोल्हापूरचे धावपटूही हमखास भेटतात. साधारणपणे एका वर्षी समुद्राकडून वर चढायचं, दुसऱ्या वर्षी वरून समुद्राकडे उतरायचं. अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास, मुदत बारा तास. बारा तास भरले की एक जण येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदुकीचा बार काढतो. त्यानंतर दोन पावलं उशिरा आलेलाही बाद. पाठ कशासाठी, ते सांगायला नको.

मी गेलो ते चढाचं वर्ष होतं. काउवीज, फील्ड्स, बोथाज, इंचांगा आणि शेवटी, पाय पुरते रिकामे झाल्यावर, पॉली शॉर्ट्स. या पाच टेकड्यांची नावं तिकडे धावणाऱ्याला पाठ असतात. जाता जाता सांगतो, गांधीजींना १८९३ मध्ये रेल्वेच्या डब्यातून उतरवलं ते स्टेशन पीटरमारित्झबर्गचंच. आपल्याकडून जाणाऱ्यांनी ते शर्यतीच्या आधीच पाहून घ्यावं. नंतर पाहू म्हणणाऱ्यांचं बहुधा राहून जातं.

चढावर टाच उचलायचं काम पोटरीचं, आणि पोटरीचा सगळा जोर टाचेपर्यंत पोचवायचं काम अकिलीजचं. घोट्याच्या मागे दोन बोटांच्या चिमटीत धरता येते ती जाड दोरी. साधं पळतानासुद्धा तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा-आठपट ताण येतो, असं यातले जाणकार सांगतात. कॉम्रेड्सच्या तयारीसाठी जोतिबाचा घाट, पन्हाळ्याचा रस्ता असे महिनोन्‌महिने चढ चढलेले, आणि वर हे नव्वद किलोमीटर. मांड्या दोन आठवड्यांत मोकळ्या झाल्या. भूक, झोप ताळ्यावर आली. डाव्या पायाची ती दोरी मात्र ताळ्यावर येईना.

हे दुखणं लबाड असतं. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की पहिली पावलं लंगडत. मोरीपर्यंत जाईस्तोवर सैल पडतं. पळायला निघालं की पहिला किलोमीटर कुरकुर, मग अंग तापतं आणि ते गप्प होतं. माणसाला वाटतं, गेलं! दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा पलंगापाशी हजर.

घरोघरी याचे उपाय ठरलेले. आईने निर्गुडीचा पाला गरम करून बांधला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. एका मित्राने बर्फ सांगितला, दुसऱ्याने गरम पाण्याचा शेक. सगळ्यांचं एकमत एकाच गोष्टीवर: "पूर्ण आराम कर." तो केला. दुखणं निवलं. मग पळालो, आणि ते होतं तिथेच होतं.

आराम नकोच, असं मी म्हणत नाही. न्यूझीलंडचा जॅक फॉस्टर म्हणून एक मॅरेथॉनपटू होता. बत्तिशीत पळायला लागला आणि १९७४ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, क्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने २ तास ११ मिनिटांत मॅरेथॉन पळून रौप्यपदक घेतलं. शर्यतीच्या प्रत्येक मैलामागे एक दिवस पुन्हा शर्यत नाही, हा नेम त्याच्या नावावर सांगतात. कॉम्रेड्सला लावला तर सात-आठ आठवडे होतात. हिशेब काही प्रयोगशाळेतून आलेला नाही, पण माझ्या मते शहाणपणाचा आहे. त्या काळात चालावं, सायकल मारावी, पोहावं. घड्याळ लावून जोरात पळू नये.

पण आरामाने स्नायू सुधारतो तशी ही दोरी सुधारत नाही. तिला रक्तपुरवठा बेताचा. शिवाय ती फार जुनी असते. किती जुनी, हे कोपनहेगनच्या संशोधकांनी मोठ्या युक्तीने शोधलं. १९५५ ते १९६३ या काळात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला आणि पुढे हळूहळू कमी होत गेला. अन्नातून तो सगळ्यांच्या शरीरात गेला. शरीराचा एखादा भाग कधी घडला, हे त्यातल्या कार्बन-१४ वरून काढता येतं. २०१३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की अकिलीजचा गाभा वयाच्या साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो, पुढे त्याची नव्याने घडण जवळपास होत नाही. म्हणजे पन्नाशीतला माणूस घाट चढतो तो अकरावी-बारावीत असताना तयार झालेल्या दोरीवर. दुखऱ्या जागी नवा माल येऊन पडेल, या आशेवर नुसतं बसून राहण्यात अर्थ नाही. जे आहे त्यालाच, आणि त्याला जोडलेल्या पोटरीला, ताण सोसायची सवय करून द्यावी लागते. नुसतं बसलं की होती ती सवयही मोडते.

ही गोष्ट ठसठशीतपणे पुढे आणली स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन या अस्थिशल्यविशारदाने. त्याची स्वतःचीच अकिलीज दुखत होती. शस्त्रक्रिया करा म्हणाला, तर वरिष्ठांनी नकार दिला. तेव्हा, ही दोरी एकदाची तुटू दे म्हणजे शस्त्रक्रिया करावीच लागेल, अशा विचाराने त्याने तिला मुद्दाम भरपूर भार द्यायला सुरुवात केली. तुटायची राहिली बाजूला, दुखणंच गेलं! हा किस्सा त्या वर्तुळात पुष्कळदा सांगतात. पुढे त्याने १५ हौशी खेळाडूंवर हा व्यायाम करून पाहिला आणि १९९८ मध्ये तो प्रसिद्ध केला. आज जगभरचे फिजिओथेरपिस्ट तो थोड्याफार फरकाने देतात.

व्यायाम दिसायला अगदी फालतू आहे. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवायचे, टाचा अधांतरी. चांगल्या पायाच्या जोरावर वर उचलून घ्यायचं, मग सगळं वजन दुखऱ्या पायावर टाकायचं आणि टाच पायरीच्या खाली जाईपर्यंत सावकाश उतरायचं. गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन फेरे, गुडघा किंचित वाकवून पंधराचे तीन. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दिवसाला १८० झाले. असे बारा आठवडे, रविवारसुद्धा सोडायचा नाही. सोपं वाटायला लागलं की पाठीवर सॅक घेऊन तिच्यात वजन घालायचं. मी गव्हाच्या पिठाच्या पिशव्या घालत असे. आमच्या इमारतीच्या जिन्यात, कठड्याला धरून, पाठीवर पीठ घेतलेला माणूस सावकाश खालीवर होतो आहे, हे दृश्य शेजाऱ्यांच्या पचनी पडायला वेळ लागला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी एकदा थांबून म्हणाल्या, "जायचंय वर की खाली, एकदा ठरवा तरी!"

मला हे शिकवणारी फिजिओथेरपिस्ट तरुण मुलगी. मी किती पळालो, कुठल्या वेगाने, हे तिला सांगायला लागलो तर ती हात वर करून थांबवायची. "काका, ते राहू दे. आज सकाळी उठल्यावर पहिल्या दहा पावलांत काय झालं, तेवढं सांगा." तिचा सगळा हिशेब या एका उत्तरावर. पळताना दहापैकी चार-पाचाइतकं दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते रोजच्यापेक्षा वाढलेलं नको. वाढलं तर मागचा भार जास्त झाला, तो कमी करायचा. नाही वाढलं तर पुढच्या वेळी थोडं वाढवायचं. थोडं दुखत असतानाही अशी मोजदाद ठेवून पळत राहिलेल्यांचं नुकसान झालं नाही, हे २००७ मध्ये स्वीडनमधल्याच एका अभ्यासात दिसलं होतं. हे ऐकल्यावर मनावरचं मोठं ओझं उतरतं. दुखलं म्हणजे काहीतरी तुटलं, ही धास्ती दुखण्याइतकीच माणसाला घरी बसवते.

मग सुरू होतो चालण्या-पळण्याचा खेळ. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, सपाट रस्त्यावर, दिवसाआड. चढ सगळ्यांत शेवटी. पायाला हे जमतं, चारचौघांत जमत नाही. पॉली शॉर्ट्सच्या चढावर हजारो माणसं चालतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. रंकाळ्यावर चालताना वाटतं. "काय सर, पळायचं सोडलं काय?" हा प्रश्न एका फेरीत तीन ठिकाणी भेटतो. विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं. पण तो ऐकल्यावर पुढच्या वळणापर्यंत पळून दाखवायची जी सुरसुरी येते ना, तिने जितके पाय पुन्हा अडकले असतील तितके दगडधोंड्यांनी अडकले नसतील. मनगटावरच्या घड्याळाची आणखी वेगळी तऱ्हा. ते मला "तुमचा व्यायाम फलदायी नाही" असं कळवत राहिलं. त्याला टाच नाही, त्याचं बरोबर आहे.

कॉम्रेड्सचा आणखी एक मोह सांगायला हवा. पहिल्यांदा धावलेला माणूस लगेच पुढच्या वर्षी दुसऱ्या दिशेने धावून आला, तर त्याला नेहमीच्या पदकाबरोबर 'बॅक टू बॅक' नावाचं वेगळं पदक देतात. ही संधी आयुष्यात एकदाच, पहिल्या दोन सलग वर्षांची. "आता तर उतारच आहे, नुसतं सोडून द्यायचं," असं सांगणारे मित्र भेटतात. उताराची कॉम्रेड्स मांड्यांची काय दशा करते हे त्यांना माहीत नसतं. उताराच्या वर्षी शर्यतीनंतर दुसऱ्या दिवशी जिने उलटे उतरणारे धावपटू पाहावेत. मी ते पदक सोडलं. मला वॉली हेवर्ड जवळचा वाटतो. त्याने १९३० मध्ये एकविसाव्या वर्षी कॉम्रेड्स जिंकली, आणि नंतरचा विजय थेट १९५० चा. मग आणखी तीनदा जिंकला. १९८९ मध्ये, ऐंशी वर्षांचा असताना, तो पुन्हा धावला. तेव्हा मुदत अकरा तासांची होती. ती संपायला दोन मिनिटंही उरली नव्हती, तेव्हा तो पोचला. वीस वर्षांचं अंतर ज्याला जड गेलं नाही, त्याच्यापुढे आपलं एक वर्ष काय!

आता औषधांविषयी. ज्या कुणाची अकिलीज दुखते त्याने, लघवीच्या किंवा पोटाच्या जंतुसंसर्गासाठी डॉक्टर प्रतिजैविक लिहून देत असतील, तर त्यांच्या कानावर हे दुखणं आधी घालावं. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि त्याच्या जातीच्या औषधांनी ही दोरी दुखावू शकते, तुटूही शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्यांवर ठळक इशारा छापायला लावला. दुखऱ्या जागी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन महिन्याभरात शर्यतीला उभं राहायचा बेतही तितकाच धोक्याचा.

आणि शेवटचं. पळताना किंवा बॅडमिंटन खेळताना मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखा फटका बसला, मागे वळून पाहिलं तर कुणीच नाही, आणि त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येईना, तर मी सांगितलेला जिन्यावरचा व्यायाम करत बसू नका. ती अकिलीज तुटल्याची खूण आहे. थोडं चालता येतंय म्हणून घरी थांबू नका. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.