जमीन कुणाची, सारवणं कुणाचं?

(पारोळा येथे महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



आज मी घरातल्या जमिनीबद्दल बोलणार आहे. हा काय भाषणाचा विषय झाला, असं कुणाला वाटेल. पण निम्मा दिवस आपण जिच्यावर उकिडव्या बसून काढतो, तिच्याबद्दल बोलायचं नाही तर कशाबद्दल?

आपल्या खान्देशात घर धाब्याचं, भिंती मातीच्या, खाली शेणामातीचं सारवण. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात. त्या बुजवायच्या, सारवायचं, त्यासाठी शेण-पाणी वाहायचं. ही दुरुस्तीच होती, पण तिला ना कुणी दुरुस्ती म्हटलं, ना मजुरी दिली. मग कोबा आला, शहाबादी फरशी आली, व्हिनाईलच्या टाइल आल्या. काम पैशाचं झालं, तसं ते मिस्त्रीचं झालं. बाई उरली घमेली वाहायला, तीही कमी मजुरीवर. समान वेतनाचा कायदा तर १९७६ सालीच झाला होता!

पक्की जमीन ही चैन नव्हे. मेक्सिकोतल्या कोआविला राज्यात २००० साली मातीच्या जमिनीवर सिमेंट घालून देण्याचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की, त्या घरांतल्या मुलांचे जंत, जुलाब, पंडुरोग कमी झाले आणि आयांच्या मनावरचा ताणही उतरला.

आणि दुरुस्ती आपल्याला येत नाही, हे खोटं आहे. व्हिनाईलची टाइल फुगली तर तिच्यावर जुनं कापड टाकून गरम इस्त्री फिरवा. खालची चिकटवणी मऊ होते, पत्र्याच्या पातळ पट्टीने टाइल निघते. फार जुनी टाइल मात्र फोडू-घासू नका, तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. मग कोब्यावर हातभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टी लावून एक-दोन दिवस ठेवा. खाली पाणी धरलं तर आधी ओल थांबवा, नाहीतर नवी टाइलही उचकटेल. कोरडं असेल तर खड्डे सिमेंटने भरा, पूर्ण वाळू द्या, चिकटवणी लावून टाइल बसवा, वर वजन ठेवा.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. मी सल्ला केंद्रात बसते. वीस-वीस वर्षं ज्या घराची जमीन राखली, त्याच घरातून नेसत्या लुगड्यानिशी बाहेर काढलेल्या बाया तिथे येतात. जमीन सारवली हिने, कागदावर नाव त्याचं!

तेव्हा हे लक्षात ठेवा. घर कुणाच्याही नावावर असो, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला नांदत्या घरात राहण्याचा हक्क आहे. नगरपरिषदेच्या घरपट्टीवर नाव लागलं म्हणजे मालकी झाली, असं नाही. त्याला नोंदणी केलेला दस्त लागतो. राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने दिलं, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात मोठी सवलत मिळते, बाकीचा नोंदणीखर्च वेगळा. बाईच्या नावाने घर विकत घेतलं, तर १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे.

नवी फरशी कुठल्या रंगाची, याची चर्चा घरात होते. तिच्याच जोडीला घर कुणाच्या नावावर, हीही चर्चा होऊ द्या. मिस्त्रीला पैसे देण्याआधी होऊ द्या. एकटीला बोलायला जड जात असेल तर मंडळातल्या दोघी-तिघींना घेऊन बसा. आम्हीही येऊ.