असलंच अजून एखादं

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या गावागावांतून आलेले ग्रंथपाल, लेखक, प्रकाशक, पुस्तकविक्रेते आणि वाचकहो,

माझ्या नावावर एकही पुस्तक नाही. दुसऱ्यानं लिहिलेलं पुस्तक तिसऱ्याच्या हातात देण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं. अशा माणसाला आपण या अध्यक्षपदाच्या खुर्चीवर बसवलंत. वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे बसणाऱ्या सगळ्यांच्या वतीनं मी हा मान स्वीकारतो.

काल नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीनं लातूरला आलो. एसटीत बसलं की मला आमच्या वाचनालयातले एक जुने सभासद आठवतात. कंडक्टर होते. शनिवारी सुटी असली की वाचनालय उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसायचे. एकदा त्यांनी रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ नेली. बोराडे सर इथले, लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे, कादंबरी १९७१ची. पुढच्या शनिवारी पुस्तक टेबलावर ठेवून त्यांनी कव्हरवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, “सर, असलंच अजून एखादं द्या की.”

मी सरळ ग्रामीण कादंबऱ्यांच्या कपाटाकडे गेलो आणि एक गाजलेली कादंबरी काढून दिली. आठ दिवसांनी ती परत आली. “चांगलीय, पण तसली नाही.” तसली म्हणजे कसली, असं मी विचारलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “त्याच्यात बाई बोलती ना सर. चुलीपाशी बसून आपल्याला सांगतीय असं वाटतंय.”

तेव्हा मी चरित्र-आत्मचरित्राच्या कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढली. काळ वेगळा, मुलूख वेगळा, जात-धर्म वेगळा, साहित्यप्रकारही वेगळा. पण तिथंही एक बाई समोर बसून बोलते. कंडक्टरांनी ते पुस्तक दोनदा नेलं.

मित्रहो, आज मला जे सांगायचं आहे, ते सगळं या प्रसंगात आहे. आमच्या दाखल नोंदवहीत त्या दोन पुस्तकांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. वर्गीकरणाचे क्रमांक वेगळे, कपाटं वेगळी. ती जवळ आली एका वाचकाच्या मनात, आणि ती जवळची आहेत हे कळायला त्याला एक प्रश्न विचारावा लागला. पुस्तक सुचवण्याचं काम एवढंच आहे आणि ते फार अवघड आहे.

निवृत्तीनंतर लातूरच्या एका तरुण मित्राबरोबर मी पुस्तकं सुचवणारं एक संकेतस्थळ सुरू केलं. संगणकाची बाजू त्याची, पुस्तकांची माझी. त्या कामानं मला जे शिकवलं ते आज आपल्यापुढं ठेवतो, कारण असं काम आपल्या भागात आणखी चार ठिकाणी सुरू व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

जगात असे प्रयत्न झालेले आहेत. अमेरिकेत २००७ साली ‘गुडरीड्स’ सुरू झालं. वाचकांनी आपली वाचलेली पुस्तकं तिथं मांडायची, एकमेकांना सांगायची. २०१३ साली ते ॲमेझॉननं विकत घेतलं. लाखो वाचकांनी हौसेनं लिहिलेली मतं पुस्तकं विकणाऱ्याच्याच मालकीची झाली. पुढं २०१९मध्ये नादिया ओदुनायो या एकट्या तरुणीनं तशाच कामासाठी ‘स्टोरीग्राफ’ उभं केलं. २०२१मध्ये बेन फॉक्स यांनी ‘शेफर्ड’ सुरू केलं. त्यांची कल्पना मला सर्वांत जवळची वाटली. ते लेखकाला एक विषय निवडायला सांगतात आणि त्या विषयावरची त्याला आवडलेली पाच पुस्तकं, प्रत्येकाचं कारण देऊन, मागतात. लेखकाचं स्वतःचं पुस्तक त्या यादीशेजारी दिसतं. वाचकाला पाच पुस्तकं मिळतात, लेखकाला वाचक मिळतो. फलाटावर उभं राहून ओरडण्यापेक्षा हे कितीतरी सभ्य आहे.

पण वाचकाला पुस्तकांची वाट दाखवणं आपल्याला परकं नाही. शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथसूची एकहाती केली. १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची नोंद करणारा तिचा पहिला भाग १९४४ साली निघाला. आज एखादी संस्था जे काम हाती घ्यायला कचरेल ते एका माणसानं केलं. १९६४ साली ‘ललित’ मासिक निघालं आणि कोणती पुस्तकं आली, कोणती वाचावी, ही चर्चा घराघरांत गेली. १९७४मध्ये ‘ग्रंथाली’नं वाचकांचीच चळवळ केली, दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८मध्ये त्यांनीच काढलं.

आणि नांदेडात नरहर कुरुंदकर होते. पीपल्स कॉलेजात त्यांनी शिकवलं, तिथेच ते प्राचार्य झाले. त्यांना जाऊन चार दशकं उलटली, पण नांदेडात अजून माणसं भेटतात जी सांगतात की अमुक पुस्तक मी कुरुंदकर सरांनी सांगितलं म्हणून वाचलं. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला त्यांची जी प्रस्तावना आहे ती मुळात देसाईंना लिहिलेलं दीर्घ पत्र आहे. ते मी कितीतरी सभासदांना आधी वाचायला सांगितलं. त्यात कौतुकाचा पाऊस नाही. शिवाजी महाराज समजून घ्यायचे तर कोणते प्रश्न पडायला हवेत, हे ते लेखकालाच सांगतात. कादंबरी बाजूला ठेवून फक्त ती प्रस्तावना पुन्हा वाचायला आलेले सभासद मी पाहिले आहेत. शिफारस कशी करावी याचा यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही. वाचकाला लहान न समजता, जे वाटतं ते कारणासकट सांगायचं.

याच्या उलट आपल्याकडे काय चालतं, तेही बोललं पाहिजे. प्रकाशन समारंभात मित्रानं केलेलं भाषण पुढच्या रविवारी परीक्षण म्हणून छापून येतं. पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर तसाच उचलून परिचय होतो. प्रत्येक कवितासंग्रह आश्वासक असतो आणि प्रत्येक कादंबरी समाजाचा आरसा. वाचकाला हे कळतं. दोनदा फसला की तो तिसऱ्यांदा कुणाचंच ऐकत नाही, आणि मग खरोखर चांगलं पुस्तक आलं तरी त्याच्यापर्यंत पोचत नाही. खोट्या कौतुकाचं सर्वांत मोठं नुकसान चांगल्या लेखकाचं होतं.

म्हणून आम्ही सुरुवातीलाच एक नियम केला. पुस्तकाला तारे द्यायचे नाहीत, गुण द्यायचे नाहीत. ज्यानं वाचलं त्यानं सांगायचं: हे कुणी वाचावं आणि का. खाली पूर्ण नाव आणि गाव. नातेवाइकाचं किंवा स्वतःच्या प्रकाशनाचं पुस्तक असेल तर तसं स्पष्ट लिहायचं. पहिल्याच वर्षी एका प्रकाशकांनी पैसे देऊ केले, त्यांची पुस्तकं पहिल्या पानावर ठेवण्यासाठी. आमची गरज होती, रक्कमही बरी होती. आम्ही घेतले नाहीत. ते आजही रागावलेले आहेत.

मग खर्च भागतो कसा, असं तुम्ही विचाराल. संकेतस्थळाच्या नावाचे वर्षाला पैसे, सर्व्हरवरच्या जागेचे पैसे. सालभराचा खर्च एका साध्या मोबाइलच्या किमतीत बसतो. वाचक आमच्या पानावरून विक्रेत्याकडे गेला आणि त्यानं पुस्तक घेतलं तर विक्रेता थोडं कमिशन देतो. दोनशे रुपयांच्या मराठी पुस्तकावर पाच टक्के धरले तरी दहा रुपये होतात. त्यावर पगार निघत नाही, हे या कामात पडणाऱ्या तरुणांना मी आधीच सांगतो. काही वाचक वर्षाला शंभर-दोनशे रुपये पाठवतात. वाचनालयाची वर्गणी भरणाऱ्या आपल्या लोकांना ही रीत समजावून सांगावी लागत नाही.

पैशापेक्षा जास्त दमवलं ते अक्षरांनी. ‘वाऱ्यावरची वरात’ हे नाव घ्या. त्यातला ‘ऱ्या’ संगणकावर दोन रीतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ती दोन वेगळी नावं वाटतात. वाचकानं एका रीतीनं शोधलं आणि आम्ही दुसरीनं लिहिलं असेल तर पुस्तक समोर असून सापडत नाही. कुरुंदकरांच्या नावातला ‘रु’ कुणी ऱ्हस्व लिहितं, कुणी दीर्घ. बोराडे सरांच्या आद्याक्षरांत कुणी टिंबं देतं, कुणी जागा सोडतं, कुणी दोन्ही गाळतं. माझ्या मित्रानं कित्येक रात्री बसून प्रत्येक नावाची सगळी रूपं एकाला एक जोडली. आपल्या भागातल्या अनेक पुस्तकांना आयएसबीएन क्रमांकच नाही, त्यामुळे तो आधारही नसतो. शिवाय जुन्या फाँटमध्ये जुळवलेली पुस्तकं प्रकाशकाच्या संगणकावर असली तरी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय त्यांतला एक शब्दही शोधता येत नाही. इथं बसलेल्या प्रकाशकांना माझी हात जोडून विनंती आहे, निदान पुस्तकाचं नाव, लेखक, वर्ष, पानं आणि चार ओळींचा परिचय युनिकोडमध्ये जपून ठेवा.

वाचक कसे वाढले, याचंही उत्तर साधं आहे. लोक जे विचारतात तेच आम्ही पानाचं नाव केलं. सप्टेंबर उजाडला की शाळा-कॉलेजांतली मुलं विचारायला लागतात, मराठवाडा मुक्तिसंग्रामावर काय वाचू? १७ तारखेला मुक्तिसंग्राम दिनाचं भाषण असतं. त्या पानावर अनंत भालेराव आहेत, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आठवणी आहेत आणि कोणतं आधी वाचावं, का, हे लिहिलेलं आहे. दुष्काळावर कुणी विचारलं तर पी. साईनाथांचं ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ आणि सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ शेजारी शेजारी ठेवली. एक वार्तांकन, एक कादंबरी, पण शेतकऱ्याच्या घराकडे दोन्ही आतून बघतात. पर्यावरणासाठी आपल्याच लातूरचे अतुल देऊळगावकर आहेत. आसाराम लोमटे आणि श्रीकांत देशमुख यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा आठवडाभर त्यांची चौकशी झाली, मग थांबली. ती वर्षभर चालू ठेवणं हे आपलं काम.

लातूरला शिकायला येणारी मुलं मी विसरलेलो नाही. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा झाली की त्यांच्यापुढं अचानक दोन मोकळे महिने येतात. दोन वर्षं गोष्टीचं पुस्तक हातात न घेतलेल्या मुलीला पाचशे पानांची कादंबरी सुचवून चालत नाही. तिच्यासाठी आम्ही लहान पुस्तकांचं पान केलं. एका मुलीनं लिहिलं होतं, “खोलीत एकटी असते, हसवणारं सांगा.” इतका नेमका प्रश्न टेबलावर कधीकधीच यायचा. समोर बसलेल्या माणसाला जे सांगायला संकोच वाटतो ते या पडद्यावर सांगता येतं, हे मला नवं होतं.

सर्वांत दुखतं ते पुढचं. आम्ही पुस्तक सुचवतो, वाचक विचारतो, कुठं मिळेल? आणि पाचशे प्रतींची ती आवृत्ती कधीच संपलेली असते. नांदेडच्या लेखकाचं पुस्तक उदगीरच्या दुकानात नसतं, उदगीरच्या कवीचा संग्रह देगलूरला कुणी पाहिलेला नसतो. २०२२ साली अखिल भारतीय साहित्य संमेलन उदगीरला झालं, लोकांनी पिशव्या भरून पुस्तकं नेली. म्हणजे घेणारे आहेत. त्यांना एरवी वाट दाखवणारं कुणी नाही. आणि अशा वेळी ते संपलेलं पुस्तक बहुधा तुमच्यापैकीच कुणाच्या तरी कपाटात उभं असतं. १९६७च्या ग्रंथालय कायद्यानं गावोगाव वाचनालयं झाली. ‘ड’ वर्गाच्या एका खोलीतल्या वाचनालयातसुद्धा मी अशी पुस्तकं पाहिली आहेत, जी मोठ्या शहरांत शोधून मिळाली नाहीत. तुमच्या नोंदवह्यांतली मराठवाड्याची पुस्तकं आम्हाला कळली तर प्रत्येक पुस्तकाखाली लिहिता येईल: हे अमुक गावच्या वाचनालयात आहे, जाऊन वाचा.

निजामाच्या राजवटीत आपल्या आजोबांना सभेसाठी परवानगी काढावी लागे. तेव्हा वाचनालयाच्या खोलीत चार माणसं पुस्तकाच्या निमित्तानं बसायची. १९४३ साली त्याच राजवटीत मराठवाडा साहित्य परिषद उभी राहिली. त्यांच्याकडे आपल्याइतकी साधनं नव्हती. आपल्या प्रत्येकाच्या खिशात आज फोन आहे. पुण्या-मुंबईहून कुणी येऊन आपल्या पुस्तकांची यादी करील, याची वाट किती वर्षं बघायची?

मंडपाबाहेर, जेवणाच्या रांगेच्या डाव्या हाताला एक टेबल मांडलं आहे. तिथं कोरे कागद आणि पेन आहेत. नांदेड-लातूर भागातल्या कुठल्याही एका पुस्तकाचं नाव लिहा, ते कुणी वाचावं ते लिहा, कारण लिहा आणि खाली आपलं नाव-गाव घाला. ग्रंथपालांनी ते पुस्तक आपल्या वाचनालयात आहे का, तेही नोंदवावं. मी आणि माझा मित्र संध्याकाळी सहापर्यंत तिथंच बसलेले आहोत.