पेटींतील फट आणि खर्जाचा नाद



स्वतःच्या हातांनीं केलेल्या वस्तूचा आनंद कांहीं वेगळाच असतो. एखादा हौशी तरुण मोटारीच्या डिकींत बसविण्यासाठीं सबवूफरची पेटी घरींच करतो. फळ्या कापतो, सांधे जुळवितो, वर कापडहि चढवितो. पण पहिल्याच गाण्याला गंभीर नादाऐवजीं पोकळ आवाज येतो, आणि एका कोपऱ्यांतून फुसफुस ऐकूं येते. मग दोष यंत्राला दिला जातो. वास्तविक तो पुष्कळदां एखाद्या बारीक फटीचा असतो.

एवढीशी फट एवढा अनर्थ कां करते? ध्वनिक्षेपकाचा शंकू पुढें सरला म्हणजे समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणीं मागची विरळ होते. या दोन लहरी परस्परविरुद्ध असतात. सेकंदाला ४० आंदोलनांच्या खर्जाची लहर सुमारें ८.५ मीटर लांब असते. ती मागून जितकी निसटेल तितकी पुढचीला क्षीण करते. पेटी हवी ती या दोघींना वेगळें ठेवण्यासाठीं.

दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. १९५४ सालीं अमेरिकेंत एडगर व्हिल्चर यांनीं बंद पेटींतील हवेलाच स्प्रिंगचें काम दिलें, आणि एआर-१ या लहानशा पेटींतून खोल खर्ज काढून दाखविला. फट पडली कीं ही स्प्रिंग ढिली होते. शंकू मर्यादेबाहेर धांवतो, आणि मोठ्या आवाजांत त्याची तारेची गुंडाळी आपटून कायमची निकामी होण्याचा संभव असतो. म्हणजे प्रश्न केवळ सुराचा नाहीं, पदरच्या पैशाचाहि आहे.

फट शोधावी कशी? यंत्र बंद असतांना दोन्ही तळहातांनीं शंकू सरळ व हलकेच दाबावा, क्षणभर धरून सोडावा. तो सावकाश परतला तर पेटी घट्ट. झटकन परतला तर संशय घ्यावा. ज्या पेटीला मुद्दाम नळी ठेवलेली असते तिला ही कसोटी लागू नाहीं. त्यानंतर बेताच्या आवाजांत खर्जाचा एकच सूर चालू ठेवून, कापडापासून जपून, पेटलेली उदबत्ती सांध्यांजवळून फिरवावी. जेथें धुराची रेघ थरथरेल तेथें खूण करावी.

उपाय साधा आहे. ध्वनिक्षेपक काढून आंतल्या सांध्यांवरून सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाची जाड रेघ बोटानें दाबून बसवावी. रुंद भेगेंत त्याच गोंदांत कालविलेला लाकडाचा भुसा भरावा. तारा जोडण्याचें भोंक आणि ध्वनिक्षेपकाची कड या दोन जागा हटकून विसरल्या जातात. कडेखालीं मऊ फोमची पट्टी घालून समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीनें आवळावे. सिलिकॉन वापरल्यास तें पूर्ण वाळूं द्यावें. कांहीं प्रकारांतून निघणारी आम्लाची वाफ धातूला गंज चढविते. शिवाय सिलिकॉनवर पुढें रंग किंवा गोंद धरत नाहीं.

एवढें झाल्यावर तोच सूर पुन्हां लावावा. उदबत्तीचा धूर आतां सरळ वर गेला, तर पेटी फोडून नवी करण्याचा बेत त्या तरुणानें खुशाल सोडून द्यावा.