तीन खंडांच्या शिवेवर



अध्यक्षाने साऱ्या शरीररचनाशास्त्राचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. तो बाजूला ठेवून मी एकाच जागेबद्दल बोलणार आहे : छातीच्या पिंजऱ्याचं वरचं तोंड. मागे छातीचा पहिला मणका, दोन्ही अंगांना पहिली बरगडी, पुढे उरोस्थीची वरची कड. पुढून मागे जेमतेम ५-६ सेंटीमीटर, आडवं १०-११. श्वासनलिका, अन्ननलिका, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या, व्हेगस आणि फ्रेनिक मज्जातंतू, सगळ्यांची वाट हीच.

आपण बहुतेक जण कनिंगहॅमच्या पाठ्यपुस्तकाचं बोट धरून विच्छेदन शिकलो. त्यात हात पहिल्या खंडात, छाती दुसऱ्यात, मान तिसऱ्यात. ही जागा तिन्हींच्या शिवेवर. हद्दीवरचं शेत कुठल्याच तलाठ्याच्या दप्तरात धड सापडत नाही, तशी तिची गत झाली आहे. परीक्षेत टीप लिहायला मात्र आपण ती हमखास विचारतो!

हे तोंड सपाट नाही, पुढे उतरतं आहे. त्यामुळे फुप्फुसाचा शेंडा हसळीच्या आतल्या भागाच्या वर सुमारे अडीच सेंटीमीटर, म्हणजे चक्क मानेत असतो. विद्यार्थ्याला हे पाठ असतं. तोच पुढे मोठ्या शिरेत नळी घालायला हसळीखाली सुई टोचतो, तेव्हा छातीत हवा भरण्याचा धोका त्याच्या हाताला ठाऊक असतोच असं नाही.

फिलाडेल्फियाचे क्ष-किरणतज्ज्ञ हेन्री पॅनकोस्ट यांनी १९२४ आणि १९३२ मध्ये फुप्फुसाच्या शेंड्याजवळच्या गाठींचं वर्णन केलं. असा रुग्ण खोकत येत नाही. खांदा दुखतो म्हणून येतो, आणि महिनोन्‌महिने मलम, शेक, व्यायाम चालू राहतात. एक्स-रेवर हसळी आणि पहिली बरगडी नेमकी त्याच जागेवर येतात, गाठ त्यांच्या आड दडते. अशा वेळी चेहरा पाहावा : एक पापणी किंचित उतरलेली, त्या बाजूची बाहुली बारीक. पहिल्या बरगडीच्या मानेवरून जाणारी सिंपथेटिक साखळी ज्याने हाताळली आहे, त्याला हे कोडं वाटत नाही.

मानेतल्या जादा बरगडीचंही तसंच. ती असलेल्या बहुतेकांना काही त्रास होत नाही. ज्यांना होतो, त्यांच्यात अनेकदा दोष एक्स-रेत न दिसणाऱ्या, हाताकडचे मज्जातंतू दाबणाऱ्या तंतुमय पट्ट्याचा असतो. करंगळीकडे बधिरता, तळहाताचे स्नायू वाळलेले. आपल्याकडे इथे कुष्ठरोगाची शंका येते, आणि यायलाच हवी. पण बधिरता मनगट ओलांडून कोपराच्या दिशेने आतल्या कडेने चढत असेल आणि अंगठ्याचा उंचवटाही बसला असेल, तर केवळ अल्नर नसेला दोष देऊन भागत नाही. बोट हसळीच्या वर न्यायला हवं. मला विचाराल तर ही बधिरता तपासायला साधी टाचणी पुरते. महागडी तपासणी त्यानंतर.

म्हणून माझी मागणी लहान आहे. दरवर्षी एका देहाची मान, छाती आणि काख एकत्र उघडावी, पहिली बरगडी न काढता. त्याच दुपारी एखादा भूलतज्ज्ञ बोलवावा. त्याने सोनोग्राफीवर जिवंत माणसातली हाताकडे जाणारी तीच रोहिणी, तेच मज्जातंतू आणि त्यांच्या शेजारी सरकणारं फुप्फुसावरण दाखवावं. यासाठी नवं यंत्र लागत नाही, वेळापत्रकात एक दुपार लागते. अभ्यासक्रम ठरवणारी मंडळी पहिल्याच रांगेत बसली आहेत, म्हणून ती दुपार मी आताच मागून ठेवतो.