मचाणाची जागा

ज्वारी हुरड्यावर आली की शेतकरी चार मेढी रोवून शेतात माळा बांधतो व गोफण घेऊन पाखरे राखीत बसतो. आपली जाग सर्वांना लागावी, हाच त्याचा हेतू असतो. रानातील मचाण हे या माळ्याचेच भावंड. परंतु त्याचा धर्म अगदी उलट. तेथे बसणाऱ्याने असून नसल्यासारखे व्हावयाचे असते. ही विद्या जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२ व्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मृगयेवर स्वतंत्र प्रकरण आहे. विदर्भाच्या सागवानी रानांत चितळ-सांबरांसाठी मचाण बांधणाऱ्या शिकाऱ्याची खरी परीक्षाही नेम धरण्यात नसे. जागा निवडण्यात असे.

जागेचा शोध दिवसाउजेडी घ्यावा लागतो. खुरांचे ठसे, ताज्या लेंड्या, शिंगे घासल्याने सोललेली झाडांची साल, या खुणांवरून जनावरांची वाट कळते. चितळ कळपाने राहते व बहुधा सकाळ-संध्याकाळ चरते, सांबर रात्रीचे. चैत्रात मोहाची फुले गळू लागली की दोन्ही त्या झाडांखाली येतात. वानरे वरून पाला टाकतात, म्हणून त्यांच्या झाडाखालीही चितळे जमतात. वैशाखात नाले आटले म्हणजे मात्र साऱ्या वाटा उरलेल्या पाणवठ्याकडेच वळतात.

वाट सापडली तरी निम्मेच काम होते. उरलेले निम्मे वाऱ्याचे. हरिणवर्गाच्या डोळ्यांना निश्चल माणूस चटकन दिसत नाही. पण त्याचा गंध मात्र दुरून कळतो. दिवसा उन्हाने तापलेली हवा उतारावरून वर चढते. सूर्य मावळला की गार व जड झालेली हवा नाल्याच्या वळणाने खाली उतरू लागते. दुपारी अनुकूल वाटलेले झाड संध्याकाळी दगा देते, त्याचे कारण हेच. म्हणून ज्या वेळी बसावयाचे, त्याच वेळी दोन-तीन दिवस आधीपासून चिमूटभर राख सोडून वारा पाहावा लागतो. जनावर टेकडीवरून पाण्याला उतरत असेल, तर सायंकाळचे मचाण त्याच्या वाटेच्या खालच्या अंगाला हवे. मचाणाकडे जाणाऱ्यानेही ती वाट ओलांडू नये. पावलांचा वास जमिनीवर रेंगाळतो.

झाडही विचारपूर्वक निवडावे. उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो. नाल्याकाठचे जांभूळ किंवा आंबा गर्द असतो. मावळतीचा सूर्य बसणाऱ्याच्या पाठीशी असावा. बांबू सुंभाने घट्ट आवळावे, खिळे ठोकू नयेत. सैल बांबू नेमक्या वेळी करकरतो. तोडलेल्या फांद्यांची पांढरी तोंडे चिखलाने माखावी, आणि हे सारे आठवडाभर आधी उरकावे, म्हणजे जनावरांना तो बदल सवयीचा होतो. उंची साधारण १२ ते १५ फूट पुरे. अधिक उंची सुरक्षित वाटते खरी. परंतु वरून तिरपी गेलेली गोळी मर्मस्थानी क्वचितच लागते.

येथेच या विद्येची नैतिक बाजू उघडी पडते. चुकीच्या जागेचा दंड शिकाऱ्याला होत नसे, तो जनावराला होई. घाईने उडवलेल्या गोळीने पोटात जखमी झालेले सांबर दाट झाडीत शिरे आणि कोठेतरी नाल्यात तडफडत मरे. मचाणावरचा माणूस मात्र रिकाम्या हाताने घरी जाऊन वाऱ्याला दोष देई. चांगला शिकारी तो, जो जागा चुकली हे ओळखून गोळी न झाडताच उतरे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही बंद झाली. मचाण मात्र राहिले. मेळघाट, ताडोबा, नागझिरा येथे वैशाखी पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरील मचाणांवरून प्राणी मोजण्याची प्रथा पडली. वाघांची शास्त्रीय मोजणी आता कॅमेऱ्यांवरून होते. तरी शहरातील माणसे हौसेने ही रात्र रानात काढतात. तेथे बंदूक नाही, म्हणून नियम सैल झाले, असे कोणी समजू नये. अत्तर लावून आलेला, विजेरी पेटवणारा, शेजाऱ्याशी कुजबुजणारा पाहुणा कोणाला मारीत नाही. पण दिवसभर तहानलेल्या चितळाच्या कळपाला तो पाण्यापासून परतवतो. वैशाखात तेवढा एकच पाणवठा उरलेला असतो. पाण्याच्या कडेशी आलेली मादी मान वर करते, पुढचा पाय जमिनीवर आपटते आणि सारा कळप वळतो. तो पाणी पिऊन शांतपणे परत गेला, तरच मचाणाची जागा बरोबर निवडली होती असे म्हणावे.